तुमच्या नावाने : समाजमाध्यमांवरील परवानगीच्या मजकुराची चिकित्सा

समाजमाध्यमाशी जोडलेले एखादे ॲप आपल्याला विचारते, तुमच्या खात्यावर मजकूर टाकू का? प्रश्न दोन-तीन ओळींचा असतो, खाली दोन बटणे असतात आणि आपण ‘हो’ दाबून पुढे जातो. या दोन-तीन ओळींविषयी मराठीत जे माझ्या वाचनात आले ते बहुतेक सायबर-सावधगिरीच्या सदरांतले आहे. ‘नीट वाचा, मगच होकार द्या’ हा त्याचा मथितार्थ. सल्ला चांगला आहे, पण तो असे गृहीत धरतो की त्या ओळी वाचल्यावर आपण काय देत आहोत ते कळते. मला हे गृहीतच तपासायचे आहे. खरेदीखत किंवा शिलालेख वाचताना आपण जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारायचे: बोलतो कोण, मागतो काय, कुठवर मागतो आणि दिलेले परत कसे घ्यायचे?

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. हा मजकूर परवानगी मागतो आणि घेतो मात्र मुखत्यारी. या दोन गोष्टींतले अंतर मराठी माणसाला इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. शेजाऱ्याला आपल्या विहिरीचे पाणी घ्यायची परवानगी दिली, तर ते पाणी तो त्याच्या शेताला देतो. त्याच शेजाऱ्याला मुखत्यारपत्र लिहून दिले, तर तो आपले शेत विकू शकतो, आणि ती विक्री आपणच केली असे धरले जाते. परवानगी देणारा आपल्या जागी राहतो. मुखत्यारी देणारा आपली जागाच दुसऱ्याला देतो. मुखत्यारपत्र करायचे म्हटले की म्हणूनच घरात चर्चा होते, वकिलाला विचारतात, मुद्रांक आणतात, साक्षीदार बोलावतात. परवानगी ओसरीवरून मान हलवूनही देता येते. खात्यावर मजकूर टाकण्याचा अधिकार पहिल्या वर्गातला असताना त्याला दुसऱ्या वर्गातला शब्द लावला, की देणाऱ्याची मान आपोआप हलते.

कायद्यात हा भेद जुना आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण अभिकर्त्याविषयी, म्हणजे एजंटाविषयी आहे, आणि १८८२चा मुखत्यारपत्रांचा कायदा वेगळा. या कायद्यांत काही गोष्टी स्पष्ट आहेत. एजंटाने आपले काम सहसा परस्पर तिसऱ्यावर सोपवायचे नाही (कलम १९०). देणाऱ्याने अधिकार काढून घेतला, किंवा देणारा मेला वा भ्रमिष्ट झाला, की एजन्सी संपते (कलम २०१). काढून घेतल्याचे एजंटाला कळेपर्यंत मात्र त्याच्यापुरती ती संपत नाही (कलम २०८). हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनी भाषेतले नियम आजच्या टोकनांना लावून पाहावेत, असे मला अभ्यास करताना सतत वाटत राहिले.

टोकन म्हणजे काय, ते थोडे यांत्रिक अंगाने सांगायला हवे. तीन पक्ष असतात: वापरकर्ता, ॲप आणि फेसबुक-ट्विटरसारखे व्यासपीठ. ॲप आपल्याला व्यासपीठाच्या पानावर पाठवते. जाताना सोबत एक चिठ्ठी देते: मी अमुक ॲप, मला अमुक अमुक अधिकार हवेत, काम झाले की माणसाला या पत्त्यावर परत पाठवा. आपण तिथे लॉगिन करून ‘हो’ म्हणतो. व्यासपीठ ॲपला एक तात्पुरता संकेतांक देते. ॲप तो आणि स्वतःचे गुपित अशा दोन्ही गोष्टी दाखवून त्याबदल्यात टोकन घेते. त्यानंतर ॲपला आपली गरज उरत नाही. मजकुराबरोबर टोकन पाठवले की व्यासपीठ तो मजकूर आपल्या नावाने, आपल्या छायाचित्राखाली प्रसिद्ध करते. रात्री दोन वाजता, आपण झोपलो असतानाही करते. ज्या खिडकीतून ॲप आणि व्यासपीठ यांचा हा व्यवहार चालतो तिला एपीआय म्हणतात. आपल्याला विचारणे एकदाच होते आणि मजकूर टाकणे कितीही वेळा. मुखत्यारीची हीच खूण आहे.

ही पद्धत आली ती खरे तर सुधारणा म्हणून. तिच्या आधी ॲपे सरळ पासवर्डच मागत. पासवर्ड दिला की सगळेच दिले: वाचणे, लिहिणे, खोडणे आणि खुद्द मालकाला बाहेर काढून कुलूप बदलणे. २००६च्या अखेरीस ट्विटरमध्ये काम करणारा ब्लेन कुक, त्याच्यासोबत ख्रिस मेसिना आणि आणखी काही जण या अडचणीवर एकत्र आले, आणि डिसेंबर २००७मध्ये ‘ओऑथ’ नावाच्या मानकाची पहिली आवृत्ती पक्की झाली. त्या वेळी ते समजावताना मोटारीच्या जादा किल्लीचा दाखला देत असत. हॉटेलच्या दारात गाडी लावायला घेणाऱ्या नोकराला द्यायची किल्ली वेगळी असते. तिने गाडी थोडी चालते, पण डिकी उघडत नाही. ट्विटरने ३१ ऑगस्ट २०१० रोजी ॲपांसाठी पासवर्डची जुनी वाट बंद केली. ऑक्टोबर २०१२मध्ये ओऑथची दुसरी आवृत्ती आरएफसी ६७४९ म्हणून प्रसिद्ध झाली. (तिच्या मसुद्याचा संपादक एरन हॅमर याने त्याआधीच, त्या वर्षीच्या जुलैत, नाराज होऊन आपले नाव काढून घेतले होते. लेखकाने आपल्याच दस्तऐवजावरचे नाव काढून घ्यावे, हे नावाच्या आणि अधिकाराच्या या इतिहासात शोभून दिसते.)

ही सुधारणा किती खोलवर पोहोचली, याविषयी शहरात बसून अंदाज बांधू नये. आमच्या फर्दापूरला अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या खासगी गाड्या टी-पॉइंटला थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर प्रवासी बसने जातात. तिथले दुकानदार, गाइड, खोल्या भाड्याने देणारे अशा कितीतरी जणांची फेसबुक पाने दुसऱ्याच कुणीतरी चालवलेली असतात: भाच्याने, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने, तालुक्याच्या गावी ‘डिजिटल’ करून देणाऱ्याने. आणि तो अधिकार आजही पासवर्डच्या चिठ्ठीवर दिला जातो. ज्या दुखण्यावर २००७मध्ये औषध निघाले ते दुखणे इथे तसेच आहे. कारण साधे आहे. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर कुणाला वाचता येत नाही. आणि इथे वाचता येणे म्हणजे अक्षरओळख मी म्हणत नाही.

आता मूळ मजकुराकडे वळू. ओऑथमध्ये अधिकाराच्या व्याप्तीला ‘स्कोप’ म्हणतात. वाचणे हा एक स्कोप, लिहिणे हा दुसरा, मालक नसतानाही काम चालू ठेवणे हा तिसरा. मानकाचे तीन-तीनवे कलम बारकाईने वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. स्कोपचे शब्द व्यासपीठ ठरवते. ते मागायचे कोणते, हे ॲप ठरवते. मागितल्यापेक्षा वेगळे दिले गेले तर ते ॲपला कळवणे बंधनकारक आहे. वापरकर्त्याला त्या शब्दांत काय सांगावे, याचे बंधन या कलमात कुठेच नाही. मुखत्यारपत्राचा मजकूर ज्याला मुखत्यार व्हायचे आहे त्याने निवडायचा, शब्द तिसऱ्याच्या कोशातले, आणि ज्याची सही लागते त्याच्या वाट्याला ‘हो’ किंवा ‘नाही’. असा दस्त एखाद्या दस्तलेखकाने समोर ठेवला असता तर आपण विचारले असते, ‘अरे, हे लिहिलंय कुणाच्या बाजूने?’

व्याप्ती नेमकी सांगणे ही काही आधुनिक मागणी नाही. अजिंठ्याचे दहावे लेणे पाहायला जाल तेव्हा दर्शनी कमानीवरचा छोटा ब्राह्मी लेख पाहा. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. वासिष्ठीपुत्र कटहादी याने ‘घरमुख’ दान केले, एवढेच तो सांगतो. घरमुख, म्हणजे दर्शनी भाग. आतला स्तूप नाही, खांब नाहीत, लेणे तर नाहीच. देणाऱ्याचे नाव, दिलेली वस्तू, संपले. दोन हजार वर्षांनंतर आपल्याला कळते की या माणसाने किती दिले आणि किती दिले नाही. (त्याच लेण्यातल्या खांबावर २८ एप्रिल १८१९ची तारीख घालून जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरले. त्याने कुणाची परवानगी घेतली नव्हती. पण निदान स्वतःच्या नावाने कोरले.)

मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात याच काळजीचे आणखी एक साधन होते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांवरच्या मोर्तबाची अक्षरे ‘मर्यादेयं विराजते’ अशी आहेत. मर्यादा इथे आहे. यानंतर लिहिलेले माझे नाही. कागदावर रिकामी जागा उरली तर मागाहून कुणी ओळ घालील, हा धोका त्या दफ्तराला माहीत होता, आणि त्यावरचा उपाय सही करणाऱ्याच्या हातात होता. आजच्या भाषेत हा स्कोपच; फरक इतकाच की तो सही करणारा उमटवत असे.

मोर्तब नसले की काय होते, याची लोककथा तर महाराष्ट्रात म्हणच होऊन बसली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’ होते, त्याचे ‘मारावे’ केले गेले, अशी वदंता आहे. हे आनंदीबाईंनी केले की नाही, मुळात असा फेरफार झाला की नाही, हा वाद इतिहासकारांचा. आपल्यापुरता मुद्दा हा की ‘ध चा मा’ होण्यात परवानगी देणाऱ्याचे नाव बदलत नाही, फक्त क्रियापद बदलते. समाजमाध्यमांच्या परवानग्यांत जे जे बिघडले, त्यातले बरेच क्रियापदात बिघडले आहे.

त्याची उदाहरणे पाहू. नोव्हेंबर २००७मध्ये फेसबुकने ‘बीकन’ सुरू केले. भागीदार दुकानांच्या संकेतस्थळांवर आपण काही विकत घेतले की त्याची बातमी आपल्या नावाने मित्रांकडे जाई. एका गृहस्थाने बायकोसाठी गुपचूप घेतलेली अंगठी तिला फेसबुकवरून कळली. क्रियापद होते ‘विकत घेणे’, झाले ‘जाहीर करणे’. महिनाभरात मार्क झुकरबर्गला माफी मागावी लागली. २००९मध्ये बीकन बंद झाले आणि त्यावरच्या दाव्यात ९५ लाख डॉलरांची तडजोड झाली. सप्टेंबर २०११मध्ये त्याच कंपनीने हीच कल्पना परवानगीचा पोशाख चढवून आणली. आता ॲप एकदा विचारणार आणि मग आपण ऐकलेले प्रत्येक गाणे, वाचलेली प्रत्येक बातमी आपोआप आपल्या नावाने टाकणार. वॉशिंग्टन पोस्टचे ‘सोशल रीडर’ त्यातलेच. बीकनने विचारले नाही म्हणून लोक चिडले होते. इथे विचारले होते, तरी चिडले, कारण ‘वाचले’ याचे ‘सांगितले’ झाले होते. नुसते विचारल्याने प्रश्न सुटत नाही, हे त्या दोन प्रसंगांच्या तुलनेतून मला दिसते. सावधगिरीची सदरे नेमके इथेच थांबतात.

ट्विटरचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २०११च्या मध्यापर्यंत तिथे ज्या ॲपाला फक्त वाचण्याची परवानगी दिली होती, त्याला आपले खासगी निरोपही वाचता येत. मे २०११मध्ये कंपनीने खासगी निरोपांसाठी वेगळी पायरी केली. म्हणजे तोपर्यंत ‘वाचणे’ या शब्दात चव्हाट्यावरचे आणि पाकिटातले दोन्ही वाचणे सामावलेले होते, आणि ज्याने ‘हो’ म्हटले होते त्याने वाचूनच म्हटले असले तरी त्याला ते कळायचा मार्ग नव्हता.

तिसरे उदाहरण १५ मार्च २०१७चे. त्या दिवशी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल, फोर्ब्स, बीबीसीचे उत्तर अमेरिका खाते अशा अनेक नामांकित खात्यांवरून तुर्की भाषेत, स्वस्तिकाच्या नाझी चिन्हासह, जर्मनी आणि हॉलंडविरोधी मजकूर प्रसिद्ध झाला. यातल्या कुणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. ‘ट्विटर काउंटर’ या सेवेवर हल्ला झाला होता आणि या सगळ्यांनी तिला कधीतरी परवानगी दिली होती. सेवेचे काम काय, तर अनुयायी मोजणे. मोजणाऱ्याच्या हाती लिहिण्याचा अधिकार कशाला, हे त्या मोठमोठ्या संस्थांच्या तज्ज्ञांनीही विचारले नव्हते. शिवाय ट्विटरच्या त्या पद्धतीच्या टोकनाला मुदत नसे. मालक रद्द करीपर्यंत ते चालू. कलम १९० ज्याला मनाई करते ते इथे घडले: मुखत्यारी तिसऱ्याच्या हाती गेली, तीही चोराच्या. ‘नीट वाचा’ हा सल्ला ज्यांना पगारी सल्लागार आहेत त्यांच्याही उपयोगी पडला नाही, तिथे फर्दापूरच्या हॉटेलवाल्याला तो देऊन आपण काय साधतो?

आता भाषेविषयी. इंग्रजी पडद्यांवर बरीच वर्षे या अधिकाराचे वर्णन ‘तुमच्यासाठी’ मजकूर टाकणे अशा अर्थाच्या शब्दांत होत आले. मराठीत ते आणताना तीन पर्याय समोर येतात आणि ते तिन्ही वेगळे आहेत. ‘तुमच्यासाठी’ म्हटले की उपकार सूचित होतो: तुमचे काम हलके करतो. ‘तुमच्या वतीने’ म्हटले की सभा-समारंभ आठवतो, ‘ग्रामस्थांच्या वतीने सत्कार’. तिथे बोलणारा उभा दिसतो आणि तो दुसऱ्याचे म्हणणे मांडतो आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. समाजमाध्यमात तसा बोलणारा दिसतच नाही. वाचणाऱ्याला फक्त आपले नाव दिसते. तेव्हा खरा शब्द तिसरा, ‘तुमच्या नावाने’. मराठीत नावाने खडे फोडतात, नावावर बिल फाडतात, नावावर कर्ज काढतात. हा शब्द ऐकला की माणूस सावध होतो, आणि तो व्हावा म्हणूनच हा शब्द वापरायला हवा. तो का वापरला जात नाही, याचे उत्तरही त्यातच आहे. व्यासपीठांच्या मराठी रूपांतरांवर ‘भाषा कृत्रिम आहे’ एवढीच टीका होत असते. माझा आक्षेप कृत्रिमपणावर नाही. ‘अनुमती’ऐवजी ‘परवानगी’ किंवा ‘परवानगी’ऐवजी ‘मुभा’ घातल्याने वाक्य सुरस होईल, पण कर्ता लपलेलाच राहील.

कर्ता लपवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. तो एपीआयचा नव्हता, बटणाचा होता; पण मुद्दा तोच असल्याने इथे घेतो. डिसेंबर २०१५मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबाबत लोकांची मते मागवली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यात पणाला लागली होती. फेसबुकने आपल्या भारतीय वापरकर्त्यांसमोर एक तयार निवेदन ठेवले. बटण दाबले की ते आपल्या नावाने ट्रायकडे रवाना. लाखो निवेदने गेली. त्याच डिसेंबरच्या २८ तारखेला झुकरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला: त्याला फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज कळला, मालाचे भाव कळले. त्या शेतकऱ्याचे खरे म्हणणे काय होते, ते त्याच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही. ट्रायने जानेवारी २०१६मध्ये फेसबुकला जे पत्र लिहिले ते या विषयावरचे भारतीय कचेरीतून निघालेले सर्वांत नेमके टीकालेखन आहे, असे मी मानतो. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या निवेदनांत नाहीत, हा एक आक्षेप होता. दुसरा अधिक खोल: वापरकर्त्यांच्या वतीने बोलण्याचे हे प्रवक्तेपण तुम्ही स्वतःच स्वतःला दिले आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाचे दर बंद करणारा विनियम निघाला आणि फ्री बेसिक्सला भारत सोडावा लागला.

प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की दुसऱ्या बाजूच्या ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहिमेनेही तयार मजकूर दिला होता, आणि त्यावरही मोठ्या संख्येने ई-मेल गेले. पण तो मजकूर ट्रायच्या प्रश्नांना क्रमाने उत्तरे देणारा होता आणि माणूस तो आपल्या टपालपेटीतून स्वतः धाडत असे. हवे तर बदलत असे. अर्ज लिहून देणारा आणि अर्ज परस्पर सादर करणारा यांत जो फरक असतो, तो हा. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जनविसाला कुणी मुखत्यार समजत नाही.

यानंतर २०१८चा मार्च उजाडला. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण वाचण्याच्या परवानगीचे होते, टाकण्याच्या नव्हे. दोन्हींची गल्लत वारंवार होते. भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतले होते आणि फेसबुकच्याच हिशेबाने झळ पोहोचू शकणाऱ्यांची संख्या ५,६२,४५५ होती. एकाच्या ‘हो’मध्ये सरासरी सोळाशेहून अधिक जणांची माहिती गेली. या धक्क्यानंतर फेसबुकने जी दारे बंद केली, त्यांत मजकूर टाकण्याचे दारही होते. ‘पब्लिश ॲक्शन्स’ ही परवानगी २४ एप्रिल २०१८ रोजी नव्या ॲपांना बंद झाली आणि १ ऑगस्टला जुन्यांनाही. तेव्हापासून फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर ॲपाला परस्पर मजकूर टाकता येत नाही. ते फार तर मजकुराची खिडकी उघडून देते, बटण माणसाने स्वतः दाबायचे. संस्थांच्या पानांसाठी मात्र अधिकार राहिला. २०२०पासून त्याचे नाव ‘पेजेस मॅनेज पोस्ट्स’ आहे आणि तो इतरांसाठी वापरायचा तर ॲपाला कंपनीच्या तपासणीतून जावे लागते.

या निर्णयाचे अनेकांनी स्वागत केले. मी अर्धेच करतो. माणसाने आपले पत्र दस्तुरखुद्द टाकावे, हे चांगलेच. पण २०१४मध्ये याच कंपनीने वेगळी वाट धरली होती: परवानग्या ओळीओळीने नाकारता येतील, टाकण्याची परवानगी वेगळी आणि गरज पडेल तेव्हा मागावी, मागणाऱ्याची आधी तपासणी व्हावी. ती वाट वाक्य सुधारण्याची होती. २०१८मध्ये वाक्य सुधारायचे सोडून कागदच फाडला गेला. आणि पानांच्या बाबतीत जो तपासणीचा उंबरठा आहे, तो मोठ्या शहरातली नोंदणीकृत कंपनी ओलांडते. तालुक्याच्या गावातला एकटा प्रोग्रॅमर, ज्याने चार दुकानदारांसाठी एखादे छोटे साधन बनवले असते, तो ओलांडू शकत नाही. तो मग काय करतो? पासवर्ड मागतो. ज्या चिठ्ठीपासून आपण सुरुवात केली तिथेच येतो. २०२३मध्ये ट्विटरने (तोवर त्याचे ‘एक्स’ व्हायला आले होते) एपीआयची फुकट वाट अरुंद केली. मजकूर टाकण्यापुरती महिन्याला १,५०० ट्वीटची मर्यादा ठेवली आणि पुढे महिन्याला शंभर डॉलर. तिथे मर्यादा आली, पण ती पैशाची. आपल्या नावाने कोण बोलेल, हा प्रश्न ज्याचे नाव त्याला न विचारता सुटला, एवढे या दोन्ही निर्णयांत समान आहे.

ऑगस्ट २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात काही कामाचे शब्द आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय हवा. दिली तितक्याच सहजतेने ती काढून घेता आली पाहिजे. पण हा कायदा माहितीच्या वापराविषयी आहे. कुणी माझी माहिती घेतो आणि कुणी माझ्या तोंडून बोलतो, या दोन वेगळ्या हानी आहेत. दुसरीसाठी जुना करार कायदाच जवळचा वाटतो. कलम २०१ म्हणते, माणूस मेला की मुखत्यारी संपली. टोकनाला माणूस मेल्याचे आपणहून कळत नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नाही, म्हणून खाली एक मसुदा देतो. एखाद्या गावच्या हॉटेलच्या पानासाठी ॲपाने अधिकार मागितला, तर पडद्यावर काय लिहिलेले असावे, त्याचा.

‘हे ॲप तुमच्या पानावर तुमच्या नावाने मजकूर टाकणार आहे. वाचणाऱ्याला तो तुम्हीच लिहिला असे दिसेल. ॲप फक्त खोल्यांचे दर आणि रिकाम्या खोल्यांची माहिती टाकील, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा नाही. निरोप वाचणार नाही, जुने काही खोडणार नाही. टाकण्याआधी प्रत्येक मजकूर तुम्हाला दाखवावा का? हा अधिकार नव्वद दिवसांनी आपोआप संपेल. आधी संपवायचा असेल तर इथे दाबा. संपवल्यावर नवे काही जाणार नाही. टाकलेले मात्र तुम्हाला स्वतः काढावे लागेल. अधिकार देतो. देत नाही.’

हे सगळे फोनच्या एका पडद्यावर मावते. ‘दिवसातून एकदा’ आणि ‘फक्त दर’ अशा अटी आजच्या स्कोपांत मांडताच येत नाहीत, असे तंत्रज्ञ सांगतील, आणि ते खरे आहे: तिथे ‘लिहिणे’ म्हणजे काहीही आणि कितीही लिहिणे. तो दोष मसुद्याचा नाही. मुदतीची आणि रद्द करण्याची ओळ आजही घालता येते. टोकनाला मुदत असते आणि रद्द करण्याची सोयही असते, फक्त ती सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या कप्प्यात ठेवलेली असते. मसुद्यात मी ती मुद्दाम ‘अधिकार देतो’च्या आधी घेतली आहे.